नियत साफ असली तरी

कुसगावात राहणाऱ्याला जमीन स्थिर असते हे पटवणे कठीण. जवळून द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग जातो. खोपोली–कुसगाव जोडरस्त्याच्या बोगद्यांसाठी तर डोंगरच फोडला गेला. पण वाहने नसलेल्या माळरानावरही जमीन स्वस्थ नसते, दूरच्या समुद्राच्या लाटाही तिला हलवतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर लांब बाहूंची लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होणार आहे. २०२३ साली केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. मात्र अतिप्रचंड कृष्णविवरांच्या संथ लहरी तिथेही जमिनीच्या थरथरीत बुडून जातील. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने २०२४ मध्ये 'लिसा' मोहीम मंजूर केली. एकमेकांपासून सुमारे २५ लाख किलोमीटरवर तीन याने सूर्याभोवती फिरतील. उड्डाण २०३५च्या सुमारास व्हायचे आहे.

जमिनीचा गोंगाट सुटला. स्वतःचा कसा सुटणार? यानांतला लेसरच किंचित डगमगतो, आणि ती डगमग लहरीपेक्षा कितीतरी मोठी. पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर यांनी सहकाऱ्यांसह २००२ साली यावरच्या उपायाचे बीजगणित मांडले. प्रकाशाला एका यानाकडून दुसऱ्याकडे जायला आठेक सेकंद लागतात. तेवढ्या अंतराने मागे सरकवलेल्या नोंदी अशा जुळवायच्या की लेसरचा गोंगाट गोंगाटानेच पुसला जावा.

लेसरचे हे झाले. माणसाच्या मनाचे काय? उर्दूत गुरुत्वाकर्षणाला 'कशिशे-सिक़्ल' म्हणतात, आणि कशिश म्हणजे मनाची ओढही. १९६९ साली जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या दंडगोलांवर लहरी टिपल्याचे जाहीर केले. इतरांना त्या मिळाल्या नाहीत. वेबर २००० साली वारले, तोवर आपल्या म्हणण्यावर ठाम होते. त्यांना खोटारडे म्हणणे अन्याय होईल. पण नियत साफ असणे गवाहीला पुरत नाही, हे मला त्यांच्याकडे पाहून पटते.

२०१० साली लायगोच्या नोंदींत मोजक्या जाणकारांनी गुपचूप एक बनावट लहर पेरली. बाकीच्यांनी महिनोन्‌महिने ती तपासली, शोधनिबंधही लिहून काढला. मार्च २०११मध्ये गुपित उघडले. प्रामाणिक सहकाऱ्यांना असे फसवणे योग्य का? माझ्या मते योग्य, कारण असे घडू शकते हे सर्वांना आधीच ठाऊक आणि मान्य होते. संमती नसती तर तीच गोष्ट दगा ठरली असती. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले म्हणून तपासणारा शिक्षक आपल्या इमानावर शंका घेतली असे मानत नाही. (काही मानतात, पण ते सोडा.)

१४ सप्टेंबर २०१५ला खरी लहर आली, तेव्हाही ही पेरलेली तर नाही ना, असेच आधी विचारले गेले. जाहीर व्हायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडला. लिसा अजून उडायचे आहे, पण कृत्रिम नोंदींत लपवलेल्या लहरी हुडकण्याच्या परीक्षा शास्त्रज्ञ केव्हापासूनच देत आहेत.