सराईत

पुण्यातल्या वर्तमानपत्राच्या शहर पानावर ‘सराईत’ हा शब्द आला नाही असा दिवस विरळाच. ‘सराईत चोरटा जेरबंद’, ‘सराईतावर मोक्का’. सराईत म्हणजे हात बसलेला. पण बसलेला हात सुटतोही, याला त्या शब्दात जागा नाही.

येरवडा कारागृहाबाहेर मुलाखतीच्या रांगेत एक पारधी आजी भेटल्या होत्या. पिशवीत मुलासाठी दोन बनियन, एक टॉवेल. म्हणाल्या, “पहिल्या दोन बारीला त्यानं कोर्टात कबूल म्हणून टाकलं, दादा. जामीन कोण राहणार आमाला? कबूल केलं की लवकर सुटतंय.” तिसऱ्या खटल्यात तीच दोन ‘कबूल’ त्याच्यासमोर उभी राहिली. जुन्या दंडसंहितेचं कलम ७५, आता न्याय संहितेचं कलम १३: चोरीसारख्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली असेल, तर पुढची १० वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते.

१८७१च्या कायद्यानं पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ला त्या विमुक्त झाल्या. १९५९मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्याच साली झालेल्या कारागृहाच्या नियमांत संचित रजा (फर्लो) कोणाला द्यायची नाही, त्या यादीत पहिलं नाव सराईत कैद्याचं. सराईताची कायद्यातली व्याख्या विमुक्तांवरच रोखली गेली, हे पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं आणि कारागृह नियमावल्या बदलायला सांगितलं. चांगलंच झालं. पण आधीच ठोठावलेल्या वाढीव शिक्षांचं काय?

कॅलिफोर्नियात तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप असा कायदा होता. २०१२मध्ये मतदारांनी तो सौम्य केला आणि ज्यांचा तिसरा गुन्हा गंभीर वा हिंसक नव्हता, अशा कैद्यांना शिक्षा फेरतपासून घ्यायला कोर्टात जाता येऊ लागलं. मला इथं तेच हवंय. शासनाच्या मेहेरबानीची माफी नको, न्यायाधीशासमोर सुनावणी हवी. जुनी प्रत्येक शिक्षा कशी लागली, वकील होता का, वय काय होतं, हे तिथं उघडं व्हावं. जिचं मंगळसूत्र भररस्त्यात ओढलं गेलं, त्या बाईची भीती खरी आहे. तिलाही तिथं बोलता यावं. काहींची शिक्षा कायम राहील. राहू दे, पण आजचा माणूस बघून.

आजींच्या मुलाच्या कागदांवर तिन्ही गुन्हे तारीखवार आहेत. तो सहा वर्षं आत सुतारकाम करतोय, हे मला कळलं ते त्या रांगेत.