पेरलं एक, उगवलं भलतंच

‘पेरावं तसं उगवतं’ असं ठासून सांगणाऱ्या प्रवचनकारांनी घरी कधी टोमॅटोचं बी धरलेलं नसावं, अशी मला दाट शंका आहे.

आम्ही नाशिककर. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाणारा टोमॅटो बहुतेक संकरित. तसल्याच एका लांबट, टणक टोमॅटोचं बी मी परसात मुद्दाम लावून पाहिलं. एका झाडाला लिंबाएवढी गोल फळं धरली, दुसऱ्याला चपटी, तिसऱ्याला लांबट खरी, पण पिचपिचीत. संकरित वाणाची पहिली पिढी एकसारखी दिसते. तिच्या बियांतून मात्र दडून बसलेले आजी-आजोबा वर येतात. वाटाण्यावर हा हिशेब मांडून 1866 साली छापणारा मेंडेल ब्रनोच्या मठातला साधू होता, याची मला गंमत वाटते.

म्हणून बी धरायचं ते गावरानाचं. त्याच्या फुलात बहुधा स्वतःचेच पराग पडतात, वाण टिकतो. निरोगी झाडावरचं, झाडावरच मऊ झालेलं फळ घ्यावं. गर ग्लासात काढून त्यात थोडं पाणी घालावं. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. म्हणून तर फळात एवढी ओल असूनही बी सहसा आत रुजत नाही. ते आवरण सुटावं म्हणून ग्लास तसाच ठेवायचा. दोन-तीन दिवसांत वर पांढरी बुरशी धरते, घरातली माणसं नाकं मुरडतात. पोचट बी तरंगतं, भरीव तळाशी बसतं. ते गाळणीत चोळून धुवायचं आणि ताटलीत पसरून सावलीत वाळवायचं. कागदावर नको, चिकटतं.

आता कर्माचं. शास्त्री म्हणतील, ‘बाई, तुमच्या संकरित टोमॅटोनं आमचंच म्हणणं सिद्ध केलं. दडलेलं संचित उशिरा फळाला आलं.’ कबूल. पण मग फळाकडे बघून पेरणाऱ्याची पारख करण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. शिवाय फळ काय एकट्या बियाचं असतं? करपा येतो, नागअळी पानं पोखरते, अवेळी गारपीट होते. गारांनी झोडपलेल्या मळ्यात उभं राहून शेतकऱ्याला ‘तुझं बीच खोटं’ असं कुणी म्हणत नाही. आजारी मुलाच्या आईला मात्र ‘मागल्या जन्मीचं’ असं सहज ऐकवलं जातं. मी हे हॉस्पिटलच्या बाकड्यावर, माझ्या शेजारी बसलेल्या बाईला ऐकवलेलं पाहिलंय. ऐकवणारी तिचीच नणंद होती.

गंमत म्हणजे आपले ग्रंथही इतके आडमुठे नाहीत. गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजतो. कर्ता त्यांतला फक्त एक. बुद्धाला मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकानं हाच प्रश्न विचारला होता: माणूस भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? बुद्धानं पित्त, कफ, वात, ऋतूंचे पालट अशी कितीतरी कारणं सांगितली, कर्म त्यांतलं एक, आणि सगळं पूर्वकर्मावर ढकलणं चूक ठरवलं.

कर्मसिद्धान्त मी टाकलेला नाही. स्वतः काय पेरायचं हे ठरवायला तो चांगला आहे. दुसऱ्याचं दुःख समजावून सांगायला कुचकामी. तेव्हा आजाऱ्याला भेटायला जाल, कुणाच्या घरी समाचाराला जाल, तर काय करता येईल ते विचारा. डबा द्या, रात्री सोबतीला थांबा. मागल्या जन्माचा विषय तेवढा काढू नका.