टाकीला लावलेला साबण



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो, आणि ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांची वाट धरतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि पत्र्याच्या आडोशाला उभी केलेली मोटारसायकल. पाच-सहा महिने तिला कोणी हात लावत नाही. टाकी अर्धीच भरलेली असते. रिकाम्या भागातील हवेचा ओलावा रात्रीच्या गारव्यात पत्र्याला आतून धरतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते आणि गंज तेथूनच सुरू होतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. त्यातले काही इथेनॉल उसापासूनच बनते. म्हणजे आपल्याच माणसांनी तोडलेला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो म्हणायचा!

माणूस परत येतो, गाडी पुसतो, पेट्रोल भरतो आणि दुसऱ्या दिवशी इंजिनवर ओला डाग दिसतो. टाकी गळते आहे.

गाडी तर हवीच. बीड शहरात रेल्वे आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. वाड्या-वस्त्यांवर आजही दवाखाना, आठवड्याचा बाजार, शाळा, सारे मोटारसायकलवरच चालते. रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाबाहेर नजर टाकली तरी हे कळते. तेव्हा टाकी घरच्या घरी नीट करावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या हाताने आपली वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाविषयी आम्हाला आदरच वाटतो.

पण हे काम समजून केले पाहिजे. आधी पाहावे की गळती खरोखर टाकीचीच आहे का. पुष्कळदा टाकी धड असते आणि कॉकचा वायसर झिजलेला किंवा रबरी नळी तडकलेली असते. छिद्र टाकीलाच असेल तर खेड्यातला जुना उपाय म्हणजे कपड्यांचा साबण. कोरडी वडी त्या जागेवर घासली की थेंब थांबतो. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये विरघळत नाही, एवढेच त्याचे शास्त्र. म्हणूनच तो मेकॅनिकपर्यंत पोहोचवतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. एम-सील अधिक टिकते. मात्र त्यासाठी पेट्रोल काढून घ्यावे लागते, रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करावा लागतो, जागा पूर्ण कोरडी लागते आणि लावल्यावर दिवसभर थांबावे लागते. ओल्या पत्र्यावर थापलेले सील काही दिवसांत सुटते. आणि चांगले बसले तरी आतला गंज आतच असतो. आज एका ठिकाणी पत्रा खाल्ला गेला, उद्या बोटभर अंतरावर खाल्ला जाईल.

जिवाशी गाठ पडते ती वेल्डिंगला. टाकी रिकामी केली म्हणजे भीती गेली असे पुष्कळांना वाटते. खरे तर उलटे आहे. पेट घेते ती पेट्रोलची वाफ, आणि हवेत ती शंभरात दीड भाग असली तरी पुरते. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत तेवढी वाफ नक्कीच असते. जाणता कारागीर टाकी साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतो, शक्य तितकी पाण्याने भरतो आणि मगच डाख देतो. घरात पेट्रोल काढतानाही हे लक्षात ठेवावे. वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत जाऊ शकते. हे काम अंगणात, इंजिन थंड असताना आणि मुलांना दूर ठेवूनच करावे.

येथवर प्रश्न हुशारीचा होता. खरा प्रश्न पुढे आहे. समजा सील बसले, गळती थांबली. वर काळा रंग मारला, रंगावर स्टिकर चिकटवला. मग मुलीच्या शाळेची फी निघाली किंवा उचल फिटेना, आणि गाडी विकायची ठरली. घेणारा शेजारच्या गावचा आहे. त्याला टाकीचे सांगायचे का?

हा प्रश्न आपल्या कायद्याने घोड्याच्या रूपात सोडवून ठेवला आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १७ व्या कलमात उदाहरण आहे ते असे: एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच दुसरे उदाहरण येते. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो की, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी धरीन. तेथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच धरले जाते. याच कायद्याचे १५० वे कलम तर आणखी कडक आहे. खोडकर घोडा माहीत असून न सांगता उसना दिला आणि नेणारा पडून जखमी झाला, तर उसना देणारा जबाबदार. म्हणजे अडचणीला शेजाऱ्याला गाडी फुकट दिली तर सांगण्याचे बंधन, आणि पैसे घेऊन विकली तर गप्प राहण्याची मोकळीक! बाजारात डोळे उघडे ठेवणे हे घेणाऱ्याचे काम, असा यामागचा विचार आहे. आम्हाला तो पुरेसा वाटत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न घेतला आणि त्यांच्याही लेखनात घोडा आहे. त्यांनी दोषांचे दोन प्रकार केले. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते सर्वांना दिसते. विकणाऱ्याने किंमत त्या मानाने कमी घेतली की बोलण्याची गरज नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा घात होण्यासारखा असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. पडायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे हे त्यांचेच दुसरे उदाहरण.

आता आपली टाकी यांपैकी कोणती? आमच्या मते उत्तर रंगाच्या डब्यात आहे. नुसता साबण किंवा उघडे सील दिसते, ते एका डोळ्याच्या घोड्यासारखे आहे. वर रंग आणि स्टिकर चढला की दोष झाकला गेला, आणि तो आपण होऊन झाकला नाही, आपल्या हाताने झाकला. मग "मी काही खोटे बोललो नाही" हे म्हणणे टिकत नाही, कारण हात बोलून गेला आहे. घेणारा विचारतोच, "पाव्हणं, गाडीला काही नाही ना?" आणि आपण म्हणतो, "समोरच आहे, बघा की." हे उत्तर तिसऱ्या उदाहरणातल्या गप्प बसण्याहूनही वाईट आहे.

काही जण म्हणतील, गरिबाला इतके काटेकोर राहणे परवडत नाही. सांगितले तर दोन हजार कमी येतील, आणि दोन हजारांत घरात महिन्याचा किराणा येतो. हे आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण जुनी गाडी घेणाराही श्रीमंत नसतो. तोही टोळीतलाच, उचलीतलाच. टाकीच्या खाली तापलेले इंजिन असते, आणि टाकीवर त्याचे लहान मूल बसलेले असते.

सांगायला फार शब्द लागत नाहीत. "टाकीला खालून सील लावलंय, पावसाळ्याआधी बदलून घ्या." आरटीओच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर यासाठी रकाना नाही. सह्या करताना ते तोंडीच सांगावे लागते.

एजंटाचे प्रकरण मात्र अवघड आहे. त्याला आपण सांगितले, त्याने मान डोलावली, किंमत पाडली आणि आपल्यादेखत टाकीवर रंगाचा आणखी एक हात मारला. आमच्यापैकी काहींचे म्हणणे, आपले काम सांगण्याने झाले. काहींचे म्हणणे, तो काय करणार हे माहीत असेल तर टाकी काढून भंगारात द्यावी आणि गाडी टाकीशिवाय विकावी. भंगारवाला पत्र्याचे पैसे किलोवर देतो. टाकीचे वजन काही फार भरत नाही.