न्हाणीघराची कडी

आदिलाबाद जिल्ह्यात थंडी कशी पडते हे हैदराबादकडच्या मंडळींना सांगूनही खरे वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे, उपासनेला वेळेवर जायचे म्हणून, ऐंशीच्या घरातली आजी कढत पाण्याची बादली घेऊन न्हाणीत शिरते आणि आतून कडी लावते. "आई, कडी लावू नका," सून बाहेरून म्हणते. "मी काय कुकुलं बाळ आहे?" आतून उत्तर येते.

दोघींपैकी बरोबर कोण?

सुनेचे भय खोटे नाही. गरम पाण्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. त्यात रक्तदाबाची गोळी घेतलेली असली आणि पाटावरून झटकन उठले, की भोवळ येते. खाली ओली फरशी. ह्या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा पूर्वीसारखे चालता येईलच असे नाही. मधुमेह्याच्या पायांची जाणीव बोथट झालेली असते. पाणी भाजते आहे हे त्यांना कळत नाही, म्हणून दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे. बंद न्हाणीत गॅसचा गीझर असेल तर विषारी वायूला वासदेखील येत नाही. जपानात हिवाळ्यात न्हाताना इतके वृद्ध दगावतात, की पाणी ४१ अंशांहून गरम नको, टबात १० मिनिटांहून अधिक बसू नका, अशा सूचना तेथील सरकारी खाते देते.

पण भय खरे म्हणून हुकूम चालविण्याचा अधिकार मिळतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या बाईने पाच लेकरांना न्हाऊ घातले, तिला स्वतःच्या उघड्या देहावर पडदा हवासा वाटणे हा हट्ट नव्हे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पेत्राने पाय धुऊन घेण्यास नकार दिला तो नम्रतेसारखा दिसला, तरी प्रभूने तो मानला नाही. दुसऱ्याची सेवा घेणे हे सेवा करण्याहून कठीण जाते, आणि आयुष्यभर कष्ट केलेल्यांना तर फारच.

नोहाच्या मुलांची गोष्ट येथे आठवते. बाप उघडा पडला असता शेम व याफेथ पाठमोरे चालत गेले व त्यांनी त्याला वस्त्र पांघरले. तिसऱ्याने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. आईबापांच्या म्हातारपणाच्या फजित्या शेजारी हसत सांगणारे आपणही पुष्कळ आहोत, असो.

तेव्हा बाहेरून उघडेल अशी कडी बसवावी. भिंतीला धरायला दांडी, बसायला न डगमगणारे स्टूल, पायाखाली रबरी चटई असावी. थंडीत उन्हे वर आल्यावर, अकराच्या सुमारास न्हावे. रविवारी पहाटे ओल्या कोमट फडक्याने अंग पुसले तरी पुरे. आंघोळीवाचून मंदिरात येऊ नये असा दंडक कोणी घातला, हे आम्हांस शास्त्रात सापडले नाही.

एका घरी आम्ही पाहिले, सासूबाई न्हाऊ लागल्या की सून दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसते. दार नुसते लोटलेले, आत पडदा. दोघींच्या गप्पा चालतात, भाजीचा भाव, कोणाचे लग्न. तांब्याचा आवाज थांबला की सून विचारते, "आई, साबण सापडला ना?"