म्हातारपणी व्यायाम : हौस की कर्तव्य?



रविवारच्या पहिल्या मिस्साला पुढच्या बाकांवर बहुतेक वडीलधारी मंडळीच असतात. शुभवर्तमानाच्या वेळी सारे उभे राहतात, तेव्हा वेदीवरून आम्हाला एक दृश्य पुष्कळदा दिसते. एखादी आजी पुढच्या बाकाला धरून उठू पाहते आणि शेजारची सून किंवा नातू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "आजी, बसून राहा. देव काही रागावणार नाही." देव रागावत नाही, हे खरेच. पण त्या प्रेमळ हाताने आजीचे भले होते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आजाऱ्यांना कम्युनिअन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो. अशाच एका घरी एक आजोबा होते. सत्तरी उलटेपर्यंत ते रोज वाडीत जात, केळींना पाणी लावत, गवत काढत. एकदा न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण घरचे घाबरले. वाडी बंद झाली, बाजार बंद झाला, पाण्याचा तांब्यादेखील हातात मिळू लागला. आम्हीही त्यांना म्हणालो, "बाबा, खूप कष्ट केलेत, आता आराम करा." दोन वर्षांनी त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसे लागू लागली. एके दिवशी ते म्हणाले, "फादर, मला काही झालं नव्हतं. मला फक्त कुणी काही करू दिलं नाही." ते शब्द आमच्या मनातून जात नाहीत, कारण त्या 'कुणी'मध्ये आम्हीही होतो.

'आता देवाचे नाव घ्यायचे, शरीराचे लाड कशाला?' असे आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात. हा विचार धार्मिक वाटतो, पण तो आपला नव्हे. शरीर हा आत्म्याचा तुरुंग आहे, ही कल्पना प्लेटोच्या 'फीडो' या संवादात येते. ख्रिस्ती विचार वेगळा आहे. शरीर देवाने निर्माण केले, म्हणून त्यावरही प्रीती करणे योग्य, असे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मांडले. केवळ माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, असेही ते म्हणतात. आपण शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, तो याच अर्थाने. जे शरीर उठणार आहे, त्याची शेवटच्या दहा-वीस वर्षांत हेळसांड का करायची?

दुसऱ्या टोकालाही चूक आहे. शरीर हेच सर्वस्व मानणे, वयाची लाज बाळगणे, सुरकुत्यांशी भांडत बसणे. कॅथलिक श्रद्धाग्रंथ आरोग्याला देवाचे मौल्यवान दान म्हणतो (2288) आणि लगेच पुढच्या परिच्छेदात शरीराच्या पूजेपासून सावध करतो. दान मिळाले की ते सांभाळायचे, पण त्याला देव करायचे नाही.

आता वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. वयानुसार स्नायू झिजतात, हे खरे. पण ते वापरले नाहीत तर कितीतरी वेगाने झिजतात, आणि वापरले तर पुन्हा बळावतातही. 1990 साली अमेरिकेत बोस्टन येथील एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या काही अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम करून घेण्यात आला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. म्हणजे 'आता वय झाले' हे वाक्य आपण समजतो तितके खरे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी दिलेला सल्ला असा : आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम चाल किंवा तत्सम हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. यासाठी जिम लागत नाही. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठून बसणे हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून क्षणभर एका पायावर उभे राहणे हा तोलाचा. हृदयविकार, चक्कर किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वीच म्हटले आहे की अति व्यायाम आणि अपुरा व्यायाम दोन्ही ताकदीचा नाश करतात. किती करावे, हे ज्याच्या त्याच्या शरीरावर अवलंबून असते.

आता खरा कठीण प्रश्न. हे सारे कशासाठी करायचे? बहुतेक ज्येष्ठ सांगतात, "मुलांवर ओझं नको म्हणून." या उत्तरामागे प्रेम आहे, स्वाभिमानही आहे. पण त्यात एक धोका लपलेला आहे. जो चालू शकतो त्याची किंमत, आणि जो अंथरुणाला खिळला तो ओझे, असे आपण नकळत मान्य करून बसतो. मग पक्षाघाताने पडलेल्या शेजाऱ्याला आपण काय सांगणार? त्याने व्यायाम केला नाही म्हणून तो दोषी? कित्येक दुखणी कितीही चालले तरी टळत नाहीत.

पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी डोंगर चढत, बर्फावर स्कीइंग करत. पुढे पार्किन्सनच्या आजाराने त्यांचे हात थरथरू लागले, पाय चालेनासे झाले, अखेर वाचाही गेली. 2 एप्रिल 2005 रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत जगाने त्यांना त्या अवस्थेत पाहिले. डोंगर चढणारा तो माणूस खुर्चीत बसल्यावर कमी झाला नव्हता. प्रभूनेही पेत्राला सांगितले होते की म्हातारपणी दुसरा कुणी तुझी कंबर बांधील (योहान 21). दुसऱ्याच्या हाती जाणे हीदेखील शिष्याची वाट असू शकते.

म्हणून आम्हाला वाटते, व्यायाम करावा तो ओझे होण्याच्या भीतीने नव्हे, तर अजून काही देता यावे म्हणून. नातवाला शाळेत सोडता यावे, आजारी शेजारणीकडे जाता यावे, वाडीतल्या चार झाडांना पाणी घालता यावे. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सेवा घेणे हेही नम्रतेचे काम आहे. गुडघे टेकता आले नाहीत म्हणून प्रार्थना उणी होत नाही.

मुलासुनांनाही आमची विनंती आहे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, निसरड्या लादीवर पाय घसरणार नाही अशी सोय करा, रात्री दिवा ठेवा. पण आईच्या हातातली भाजीची सुरी आणि बाबांच्या हातातली बाजाराची पिशवी काढून घेऊ नका. त्यांना वेळ लागेल. तो वेळ त्यांना द्या. घाईपायी आपण करून टाकतो आणि त्याला सेवा म्हणतो.

पुढच्या रविवारी शुभवर्तमानाच्या वेळी आजी उठू लागली, तर तिच्या खांद्यावर हात ठेवू नका. हात पुढे करा. धरायचा की नाही, ते तिला ठरवू द्या.