पूजेविना पावित्र्य

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील स्टोरहेड ही जुनी जहागीर आणि तिचे तळ्याकाठचे उद्यान एका दिवसात पाहून होते. परंतु तेथील ग्रीक-रोमन धाटणीच्या देवळांत उपासना कधीच झालेली नसल्यामुळे धर्मविचारातील एक मूलभूत प्रश्न तेथे उभा राहतो, तो असा की, प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मूर्तीत देवत्वाचे विधिपूर्वक आवाहन, झाले नसताना एखाद्या स्थळाला पवित्र म्हणता येते काय?

हे उद्यान घडवणारा हेन्री होअर हा लंडनमधील पेढीचा मालक आणि धर्माने ख्रिस्ती होता. 1743 मध्ये त्याची पत्नी वारली आणि लगोलग तळ्याकाठच्या पहिल्या देवळाचे काम सुरू झाले. त्या देवळाच्या दारावर व्हर्जिलच्या ‘ईनीड’ महाकाव्याच्या सहाव्या सर्गातील, अदीक्षितांना दूर राहण्यास बजावणारे शब्द कोरलेले आहेत. काव्यात या इशाऱ्यानंतर नायक मृत पित्याच्या भेटीसाठी पाताळात उतरतो. उद्यानातील वाटही पुढे एका कृत्रिम गुहेत उतरते, जिथे अंधाऱ्या दगडी दालनात निद्रिस्त जलदेवतेची मूर्ती आहे, तिच्या खालून झऱ्याचे थंडगार पाणी वाहते आणि पलीकडे नदीदेव कलशातून पाणी ओततो.

धर्मेतिहासकार मिर्चा एलियाडे यांच्या मते पवित्र स्थळ मनुष्य निवडत नाही, ते स्वतः प्रकट होते. या कसोटीने स्टोरहेड हा केवळ देखावा ठरेल. पण तसा निवाडा करणे उतावळेपणाचे होईल, कारण गुहेतील झरे होअरच्या आधीपासूनच तेथे होते, स्टोर नदी याच परिसरात उगम पावते आणि होअरने मूर्ती बसवली ती पाणी जिथे आपणहून वर येते तिथेच. प्रकट होणे आणि घडवणे यांतील सीमारेषा येथे पुसट होते, आणि आपल्याकडील उगमस्थानांवरील देवळांविषयीही हेच म्हणता येईल.

राहतो तो अधिकाराचा, म्हणजे साधकाच्या पात्रतेचा, प्रश्न. होअर घराण्याचा एकुलता वारस 1917 मध्ये महायुद्धात मरण पावल्यावर पुढे 1946 मध्ये ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देण्यात आली, आणि आज तिकीट काढणारा कोणीही त्या इशाऱ्यापाशी जाऊन उभा राहू शकतो. पण म्हणून तो इशारा निरर्थक ठरत नाही. कारण त्यातला अधिकार जन्माचा किंवा मालकीचा नसून तयारीचा आहे, आणि आप्तांना गमावलेला कोणीही त्या गुहेत उतरताना ही तयारी बरोबर घेऊनच येतो.