ढगाची पाठ

१९८४ च्या एप्रिलात राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हा मी शाळेतनं पळत येऊन आण्णांना बातमी सांगितली. ते दावं वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "एवढ्या वरनं आपलं शिवार दिसतं का रं?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढं १९८७ साल उजाडलं. आमचा माण तालुका, कायमचा दुष्काळी. मुंबईच्या चुलत्यांनी दिलेला जुना टीव्ही घरात आला होता. संध्याकाळी बातम्यांच्या शेवटी इन्सॅटनं टिपलेलं ढगांचं चित्र दाखवायचे. मृगाचा एक पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी त्या चित्रात आमच्या बाजूला पांढराधोट ढग दिसला. मी दहावीत; शहाणपण ऊतू चाललेलं. शेजारच्या तात्यांनी दारातनं विचारलं, "काय म्हणतोय तुझा उपग्रह?"

"ढग आलाय तात्या. पेरा बिनघोर."

रानात ओल चार बोटं. आण्णा थांबले होते, पण तात्यांनी चाड्यावर मूठ धरली. ढग आला तसा निघून गेला. बाजरी उगवली आणि उन्हानं करपली. ते साल देशभरच दुष्काळाचं निघालं.

तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. आण्णांनी मात्र कणगीतली दोन पायली बाजरी मोजली आणि पोतं माझ्या डोक्यावर दिलं. "तात्याला देऊन ये."

मी म्हटलं, "मी खोटं बोललो न्हाई. चित्रात ढग हुता."

"ढग चित्रानं दावला. पेरा म्हणून कुणी सांगितलं?"

हा प्रश्न अजून मला सोडत नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरनं उपग्रह ढगाची पाठ बघतो. कुणाच्या रानात किती ओल, कुणाच्या कणगीत किती बी, हे त्याला दिसत नाही आणि दिसतं असं तो म्हणतही नाही. 'ढग आहे' इथपासून 'पेरा' इथपर्यंतची उडी माणसाची असते. उडी आपली, तर नुकसानीतला वाटाही आपला.

म्हणून उपग्रह नकोत, असं कोण म्हणेल? १९९९ साली ओडिशाच्या महाचक्रीवादळात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेव्हा मृत्यू शंभराच्या आत राहिले. त्या वेळी वरनं आलेला इशारा सांगून कुणी मोकळं झालं नाही; लाखो माणसं हलवली, त्यांना निवारा दिला. सांगणाऱ्यानं जबाबदारी घेतली, म्हणून इशारा कामी आला.

आता अंदाज मोबाईलवर येतो. गावच्या ग्रुपवर मीही तो पाठवतो. पण कुणी "मग पेरू का?" असं विचारलं, की आधी विचारतो, "रानात ओल किती हाय? बी मोडलं तर दुसरं हाय का?"

आण्णा आज असते तर सांगितलं असतं, शिवार दिसतं वरनं. कणगीत मात्र आपल्यालाच वाकून बघावं लागतं.